८४ हप्ते आणि ३६ महिन्यांची वॉरंटी

पुसदमध्ये एखाद्या घरात पहिली चारचाकी घ्यायचं ठरलं, की फोन कॉलेजात शिकणाऱ्या पोराला नाहीतर पोरीला जातो. ‘तुले समजते न त्यातलं, पाह्यून सांग बरं कोणती घ्याची.’ बाबांनी आयुष्यभर बाइक चालवलेली, काकांचा अनुभव ट्रॅक्टरचा. मग दहा लाखांचा निर्णय विशीतल्या मुलावर येऊन पडतो आणि तो मुलगा आधीच चाळीस व्हिडिओ बघून बसलेला असतो. सनरूफ कोणाला, स्क्रीन किती इंचांची, शून्य ते शंभर किती सेकंदांत, सगळं तोंडपाठ.

तुम्ही त्या मुलाच्या जागी असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ते व्हिडिओ खोटे नसतात. पण ते बहुतेक मुंबई-दिल्लीत बसून केलेले असतात. तिथे गाडी बिघडली तर पाच किलोमीटरवर तीन वर्कशॉप असतात. आपल्याकडे प्रश्नच वेगळे आहेत.

आधी, हा विषय आत्ताच घरोघरी का निघतोय ते बघू. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी २८ टक्के जीएसटी आणि वर सेस होता. छोट्या पेट्रोल गाडीला एकूण २९ आणि छोट्या डिझेल गाडीला ३१ टक्के पडायचे. आता समजा, गाडीची करापूर्वीची किंमत ८ लाख आहे. आधी ती १० लाख ३२ हजारांना पडायची, आता ९ लाख ४४ हजारांना. वाचले ८८ हजार. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे आणि त्यावर गेलं की १२. म्हणजे ही गाडी १० लाखांच्या खाली आल्यामुळे तिथेही वीसेक हजार वाचतात. नवरात्र ते दिवाळीच्या काळात शोरूममध्ये जी गर्दी दिसली, तिच्यामागे हा हिशेब होता.

पण ‘छोटी गाडी’ म्हणजे कोणती? इथे एक गंमत आहे. लांबी ४ मीटरच्या आत हवी आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० सीसीपर्यंत हवं. हा ४ मीटरचा नियम २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातून आलाय. तेव्हा छोट्या गाड्यांचं उत्पादन शुल्क कमी केलं आणि कंपन्यांनी त्या मापात बसणाऱ्या गाड्या करायला सुरुवात केली. कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा जो प्रकार आज रस्त्यावर दिसतो, तो करनियमाच्या फूटपट्टीने कापलेला आहे. गाडी दिसायला उंच, पुढून दणकट आणि मागून एकदम आटोपलेली. डिझायनरला तसंच आवडलं म्हणून नाही, ४ मीटर संपले म्हणून!

याच नियमामुळे नेक्सॉन, व्हेन्यू, सोनेट, एक्सयूव्ही ३एक्सओ, कायलॅक यांना १८ टक्के लागतात आणि ब्रेझाच्या पेट्रोल गाडीला ४० टक्के. तिची लांबी ४ मीटरच्या आत आहे, पण इंजिन १४६२ सीसीचं. आधी तिच्यावर ४५ टक्के होते, म्हणजे तिचाही कर उतरला, पण थोडाच. त्यामुळे ‘सगळ्याच गाड्या लाखभराने स्वस्त झाल्या’ असं कोणी कट्ट्यावर म्हणालं, तर त्याला सीसी विचारा.

आता माझी खरी काळजी. वाचलेल्या या लाखभराचं घरं करतात काय? बहुतेक ठिकाणी एकच होतं. ‘एवढे वाचले तर वरचं मॉडेल घेऊ.’ आणि कर्ज तेवढंच राहतं, कधी कधी वाढतं. समजा ८ लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज. ५ वर्षांत फेडलं तर हप्ता १६ हजार ६०० च्या आसपास आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. ७ वर्षांचं घेतलं तर हप्ता १२ हजार ९०० च्या आसपास येतो, ऐकायला बरं वाटतं, पण व्याज २ लाख ८१ हजार होतं. सरकारने करात सोडलेले ८८ हजार तुम्ही जवळपास सगळे बँकेला दिले.

त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. बहुतेक कंपन्यांची मूळ वॉरंटी ३ वर्षांची असते, म्हणजे ३६ महिने. हप्ते ८४. उरलेले ४८ महिने तुम्ही हप्ताही भरता आणि दुरुस्तीही स्वतःच्या खिशातून करता. टायर, बॅटरी, क्लच, सस्पेन्शन असली मोठी बिलं नेमकी याच काळात येतात. ज्या घराचं उत्पन्न सोयाबीन-कापसाच्या भावावर हलतं, त्या घरात चौथ्या वर्षी चाळीस हजारांचं बिल आलं तर सर्व्हिसिंग पुढे ढकललं जातं. एकदा ढकललं की पुन्हा ढकललं जातं. ‘गाडीत दम नाही राह्यला’ म्हणतात ती गाडी अनेकदा अशीच तयार होते, कारखान्यात नाही.

वर्कशॉप किती लांब?

पुसदला रेल्वे नाही. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गावर वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पण आपल्या गावात शिट्टी अजून वाजायची आहे. दोन मुख्यमंत्री देणारा हा तालुका आजही एसटी, काळी-पिवळी आणि स्वतःच्या गाडीवर चालतो. यवतमाळ शंभर किलोमीटरच्या घरात. नागपूर-तुळजापूर महामार्गही गावातून जात नाही, तो गाठायला महागाव नाहीतर उमरखेडकडे जावं लागतं. वाशीमकडे निघालात तर खंडाळ्याचा घाट. रात्री आजीला नांदेडला दवाखान्यात न्यायचं असेल, तर तेव्हा गाडी सुरू होणं हीच तिची खरी परीक्षा. सनरूफ तेव्हा कोणी बघत नाही.

म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी एक काम करा. तुमच्या यादीतल्या प्रत्येक गाडीच्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर नेमकं कुठे आहे ते प्रत्यक्ष जाऊन बघा. पुसदमध्ये आहे, यवतमाळला आहे, की थेट नांदेड-अकोल्याला? फक्त पाटी बघू नका. बाहेर उभ्या असलेल्या गाड्यांच्या मालकांशी बोला. ‘पार्ट यायला किती दिवस लागले?’ हा एकच प्रश्न विचारा. बंपर चार दिवसांत आला, की चार आठवड्यांत? वर्कशॉप शंभर किलोमीटरवर असेल, तर प्रत्येक सर्व्हिसिंग म्हणजे एक पूर्ण दिवस, दोनशे किलोमीटरचं इंधन आणि एका माणसाची बुडालेली मजुरी. हा खर्च कुठल्याही तक्त्यात नसतो.

इथे एक गैरसमज काढून टाकू. नेक्सॉन रांजणगावला बनते, ३एक्सओ नाशिकला, कायलॅक चाकणला आणि नव्या व्हेन्यूचं उत्पादन तळेगावला सुरू झालंय. चारही ठिकाणं महाराष्ट्रात. पण गाडी महाराष्ट्रात बनते म्हणून तिचा पार्ट पुसदला लवकर पोहोचतो, असं अजिबात नाही. तो डीलरच्या गोदामात असतो किंवा नसतो, एवढंच.

आणि कंपनी टिकणार का, हाही प्रश्न पाहिजेच. तळेगावचा तो कारखाना आधी जनरल मोटर्सचा होता. २०१७ च्या शेवटी त्यांनी भारतात शेवरोले विकणं थांबवलं. फोर्डने २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आणली, जिने कॉम्पॅक्ट एसयूव्ही आपल्याकडे खऱ्या अर्थाने रुजवली आणि २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. इकोस्पोर्ट वाईट गाडी होती असं तिचे मालकसुद्धा म्हणत नाहीत. पण जिल्ह्याच्या गावात ती सांभाळणं अवघड झालं आणि विकायला काढली तर भाव पडला.

आपल्याकडे कोणती गाडी किती वर्षांत किती बिघडते, याची सरकारी आकडेवारी समोर मांडलेली नसते. म्हणून ‘विश्वासार्ह’ हा शब्द जो तो आपल्या सोयीने वापरतो. तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. पहिली, गावातले जुने मेकॅनिक आणि टॅक्सीवाले. कोणती गाडी दीड लाख किलोमीटर चालून उभी आहे ते त्यांना तोंडपाठ असतं. दुसरी, रिकॉल. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सदोष गाड्या परत मागवण्याचा आदेश सरकार देऊ शकतं आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसिस नंबर टाकून आपली गाडी रिकॉलमध्ये आहे का ते बघता येतं. असेल तर दुरुस्ती फुकट होते. रिकॉल निघाला म्हणून गाडी टाकाऊ होत नाही. जी कंपनी चूक कबूल करून दुरुस्त करते, ती मला तरी गप्प बसणाऱ्या कंपनीपेक्षा बरी वाटते.

सुरक्षेचं मात्र मोकळेपणाने तपासता येतं. भारत एनकॅप ही आपली स्वतःची क्रॅश चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. नेक्सॉन, ३एक्सओ, कायलॅक यांना त्यात ५ स्टार आहेत. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे जिचे स्टार सापडत नाहीत तिच्याबद्दल शोरूममध्ये स्पष्ट विचारा. आणि मागच्या सीटवरही बेल्ट लावा. ५ स्टार बेल्ट लावलेल्या पुतळ्याला मिळालेले असतात.

डिझेल घ्यावं का?

गावाकडे अजूनही ‘गाडी म्हणजे डिझेल’. हिशेब करून बघू. समजा पेट्रोल १०५ रुपये, गाडी १४ चं ॲव्हरेज देते, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. डिझेल ९२ रुपये, ॲव्हरेज १९, म्हणजे ४ रुपये ८४ पैसे. फरक २ रुपये ६६ पैशांचा. डिझेल मॉडेल दीड लाखाने महाग धरलं, तर ते वसूल व्हायला साधारण ५६ हजार किलोमीटर लागतात. महिन्याला दोन हजार चालत असेल तर सव्वादोन वर्षांत वसूल. आठशे चालत असेल तर जवळपास सहा वर्षं. त्यात डिझेलचा रोड टॅक्स २ टक्के जास्त, तो वेगळाच.

पण पैशांपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे डीपीएफ. एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी एक जाळी आली. ती काजळी जाळायला इंजिन नीट तापावं लागतं. त्यासाठी अधूनमधून गाडी मोकळ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एका लयीत चालायला हवी. तुमची गाडी रोज घर ते दुकान, दुकान ते कॉलेज, कॉलेज ते घर अशी दोन-दोन किलोमीटर फिरत असेल, तर जाळी तुंबते. डॅशबोर्डवर दिवा लागतो, आपण ‘लागू दे’ म्हणतो आणि मग बिल येतं ते हजारांच्या दोन अंकी आकड्यात. म्हणजे आठवड्याला यवतमाळ किंवा नांदेडची फेरी असेल तर डिझेल. गावातल्या गावात फिरायचं असेल तर साधं पेट्रोल. टर्बो पेट्रोल चालवायला मजेदार, पण त्याला ऑइल बदलायची तारीख चुकवून चालत नाही.

ऑटोमॅटिकबद्दल थोडक्यात. एएमटी स्वस्त, दुरुस्तीला सोपी, जरा धक्के देते. ड्युअल क्लच गुळगुळीत, पण घाटात गाडी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची सवय असेल तर तापते. गावात ते उघडणारा मेकॅनिक नसेल, तर मी मॅन्युअलच घेईन.

आणि ‘एसयूव्ही आहे म्हणून वावरापर्यंत जाईल’ या भ्रमात राहू नका. या जवळपास सगळ्या गाड्यांची फक्त पुढची दोन चाकं ओढतात. ग्राउंड क्लिअरन्स १९० ते २१० मिलिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे खड्डे आणि स्पीडब्रेकर सहज निघतात. पण पावसाळ्यात पाणंद रस्त्यावरच्या काळ्या मातीत चाक एकदा बसलं, की शेवटी ट्रॅक्टरच बोलवावा लागतो.

बजेट पाच-सहा लाखांचं असेल तर जुनी गाडी बघाच. २०१६ ते २०२० मधल्या विटारा ब्रेझाला १.३ लिटरचं डिझेल इंजिन होतं. तेच इंजिन स्विफ्टपासून कितीतरी गाड्यांत बसलं, त्यामुळे त्याला ‘नॅशनल इंजिन’ म्हणायचे. ते उघडणारा माणूस कुठल्याही तालुक्याच्या गावी सापडतो. जुनी पेट्रोल गाडी घेणार असाल तर मात्र आणखी एक गोष्ट तपासा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी तयार आहेत. त्याआधीच्या गाड्यांचं ॲव्हरेज ३ ते ६ टक्क्यांनी घटू शकतं, असं पेट्रोलियम मंत्रालयाचंच म्हणणं होतं. आपल्या शेजारच्या उमरखेड-महागाव पट्ट्यातल्या उसाला इथेनॉलमुळे गिऱ्हाईक मिळतं, हेही खरं. म्हणजे एकाच घरात ऊसवाला बाप खूश आणि जुन्या गाडीवाला पोरगा नाराज, असं होऊ शकतं. जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप मेकॅनिककडून वर्षातून एकदा बघून घ्या. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी अर्धी-रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं.

धूळ, ऊन, पाणी

मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ‘१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते’. आपण किलोमीटर बघतो आणि वर्ष विसरतो. गाडी चार हजारच चालली तरी वर्षाने ऑइल बदलायचंच. त्याच मॅन्युअलमध्ये मागे कुठेतरी लिहिलेलं असतं, की धुळीच्या भागात एअर फिल्टर लवकर बदला. तो धुळीचा भाग म्हणजे आपणच. रस्त्याची कामं सुरू असताना आठवड्यात बोनेटवर किती थर बसतो, बघितलंय ना? तोच थर फिल्टरवर असतो. फिल्टर स्वतः काढून बघायला दहा मिनिटं लागतात. गावातल्या बाबासाहेब नाईक अभियांत्रिकीत किंवा आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडला तुमचा मित्र असेल, तर एका चहावर शिकवेल.

ऊन पंचेचाळीसला टेकतं तेव्हा दोन गोष्टी आधी दगा देतात, बॅटरी आणि टायर. बॅटरी तीन वर्षांची झाली की उन्हाळ्याआधी तपासून घ्या. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३२२३’ म्हणजे २०२३ मधला ३२ वा आठवडा. जुनी गाडी घेताना किलोमीटरचा आकडा फिरवता येतो, टायरवरचा नाही. खाच १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर संपला, मग तो कितीही ‘अजून चालते’ वाटो. कारंजा किंवा मालेगावजवळून समृद्धीवर चढणार असाल तर हे जास्तच लक्षात ठेवा. २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीच्या तोंडाशी टायर तपासायला सुरुवात केली, तेव्हा गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या होत्या. पुसदच्या रस्त्यावर साठने चालणारा टायर तिथे तासन् तास काँक्रीटवर १२० ने पळतो. हवा घरून निघतानाच, टायर थंड असताना भरा. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या आतल्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पंपवाल्याला विचारायचं कामच नाही.

मग पाऊस. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यात आनंदनगर तांड्यावरच्या लोकांना काढायला हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती, हे विसरला नसाल. पूस आणि पैनगंगेच्या काठच्या गावांना पाणी नवं नाही. गाडी पाण्यात उभी राहिली असेल तर एकच नियम, चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला तर आतले कनेक्टिंग रॉड वाकतात. साध्या विम्यात हे नुकसान बहुतेक वेळा बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं. नदीकाठी घर असेल तर सनरूफच्या आधी ते घ्या.

विम्यात अजून एक खाच आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम ३ वर्षांचा मिळतो. कागदावर तीन वर्षांची तारीख बघून घरचे निर्धास्त होतात. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. तो संपलेला कळतो तो नेमका ठोकल्यावर.

वर्कशॉपमध्ये गेलात की ‘इंजिन फ्लश करून घ्या, कोटिंग करून घ्या’ असं ऐकायला मिळेल. मॅन्युअलच्या तक्त्यात ते लिहिलंय का, एवढंच विचारा. नसेल तर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणा. सुटलेला जुना पार्ट परत मागा. इस्टिमेट आधी व्हॉट्सॲपवर घ्या, काम नंतर.

आणि एक दोनशे पानी वही घ्या. डिलिव्हरीच्या दिवशीच पहिल्या पानावर गाडी बनल्याचा महिना, टायरचे चार-चार आकडे, बॅटरीचा नंबर आणि विम्याच्या दोन्ही तारखा लिहा. पुढच्या पानापासून तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले. बाबांना ॲपपेक्षा वही पटते. दर महिन्याला हप्ता गेला की त्याच दिवशी दोन हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकायला सांगा. ३६ महिन्यांत ७२ हजार होतात. वॉरंटी संपेल त्या वर्षी चार टायर आणि एक बॅटरी त्यातून निघतात, आणि सोयाबीनचा भाव काय आहे हे त्या दिवशी विचारावं लागत नाही.